'किंवा' आणि 'आणि'चं उत्तर चुकतंय? संभाव्यतेत संयोग-छेद कुठे बिघडतो, कसा तपासायचा

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या वहीत दिसत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

– संभाव्यता १ पेक्षा जास्त आली.
– 'अ किंवा ब'ची संभाव्यता एकट्या 'अ'पेक्षा कमी आली, किंवा 'अ आणि ब'ची जास्त आली.
– छेद, म्हणजे 'अ आणि ब' दोन्ही घडण्याची संभाव्यता, ऋण आला.
– उत्तर पुस्तकाच्या मागे दिलेल्या उत्तराला चिकटून आहे, पण १/५२ ने नाहीतर २/३६ ने जास्त. (सर्वांत जास्त दिसणारं लक्षण हेच.)
– गणित एकच, पद्धत एकच, पण तुमच्या अपूर्णांकाखाली ३६ आणि मित्राच्या अपूर्णांकाखाली २१.
– सूत्र ('अ किंवा ब' = अ + ब − 'अ आणि ब') झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं, आणि तरीही उत्तर चुकतं.

मी १६ वर्षं शिकवण्या घेतोय. हे प्रकरण सुरू झालं की त्याच सहा तक्रारी, त्याच क्रमाने येतात. बहुतेक वेळा मुलांना वाटतं की सूत्र विसरलं म्हणून चुकलं. सूत्राचा दोष मला फार क्वचित सापडला आहे. बिघाड सूत्राच्या आधी होतो: प्रश्न वाचताना किंवा यादी न करताना. राज्य मंडळाच्या नववीच्या गणितात पहिलंच प्रकरण संचाचं असतं आणि दहावीत पाचवं संभाव्यतेचं. मधल्या वर्षभरात संयोगसंच आणि छेदसंच पार धुऊन निघालेले असतात, आणि दोन्हींची गाठ पडते तेव्हा हातात उरतं ते फक्त सूत्र.

खालच्या तपासण्या स्वस्तातून महागाकडे लावल्या आहेत. मधली गाळून शेवटच्या तपासणीवर उडी मारू नका.

तपासणी १: पेन न उचलता, दहा सेकंदांत

उत्तरांचा क्रम बघा. छेद ('अ आणि ब') सर्वांत लहान, मग अ आणि ब या एकेकट्या घटना, मग संयोग ('अ किंवा ब'), आणि सगळ्यांच्या वर १. 'अ आणि ब' घडलं तर अ घडलेलंच असतं, म्हणून छेद अ पेक्षा मोठा होऊच शकत नाही. अ घडलं की 'अ किंवा ब' घडलंच, म्हणून संयोग अ पेक्षा लहान होऊ शकत नाही. समान चालेल, उलटं चालणार नाही.

याने चूक कुठे आहे ते कळत नाही, फक्त चूक आहे एवढं कळतं. पण परीक्षेत तेवढंही पुष्कळ असतं. आणि उलटं लक्षात ठेवा: क्रम बरोबर आला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नाही. १/५२ ने चुकलेलं उत्तर या चाळणीतून आरामात निसटतं.

तपासणी २: शब्द. इथे थांबा, घाई करू नका

माझ्या अंदाजाने निम्म्या वह्या इथेच दुरुस्त होतात, म्हणून जरा सविस्तर.

मराठीत पर्याय सांगायला दोन शब्द आहेत: 'की' आणि 'किंवा'. "चहा घेणार की कॉफी?" असं विचारलं तर एकच काहीतरी निवडायचं असतं, "दोन्ही" म्हणालात तर यजमान तुमच्याकडे बघत राहील. गणितातला 'किंवा' हा तो 'की' नाही. एसटीत एखाद्या आसनावर 'ज्येष्ठ नागरिक किंवा दिव्यांग' असं लिहिलेलं असेल, आणि सत्तरीचे आजोबा कुबडी घेऊन चढले, तर "तुम्ही दोन्ही आहात, तुम्हाला बसता येणार नाही" असं कंडक्टर म्हणत नाही. गणितातला 'किंवा' तसाच: हे, ते, किंवा दोन्ही. जे मूल मनात 'की' वाचतं ते दोन्हींतले सामाईक घटक पूर्ण टाकून देतं, आणि त्याचं उत्तर कमी येतं.

आता 'आणि'. हा जास्त फसवा. घरी कोणी म्हणालं, "बदाम आणि इस्पिक वेगळे काढ," तर तुम्ही २६ पत्ते काढता. व्यवहारातल्या त्या 'आणि'चा अर्थ झाला संयोग! पण "काढलेला पत्ता बदाम आणि इस्पिक असण्याची संभाव्यता" विचारली तर उत्तर शून्य. फरक एवढाच की पहिल्या वाक्यात आपण पत्त्यांच्या ढिगाबद्दल बोलतोय आणि दुसऱ्यात एकाच पत्त्याबद्दल. म्हणून माझ्याकडे नियम असा आहे: प्रश्नातला 'आणि' खोडायचा आणि त्या जागी 'ही… ही' घालून वाक्य परत म्हणायचं. "हा पत्ता बदामही आहे, इस्पिकही आहे." असा पत्ता डोळ्यांसमोर येत नसेल तर छेद रिकामा.

'निदान एक', 'किमान एक', 'कमीत कमी एक' म्हणजे संयोग. 'फक्त अ' म्हणजे अ मधून छेद वजा. 'नेमकं एक' म्हणजे संयोगातून छेद वजा. हे ना संयोग ना छेद, ही तिसरीच गोष्ट आहे.

आणि 'दोन्ही नाहीत'. हा शब्दप्रयोग मराठीतच दुहेरी आहे. "त्याच्याकडे पेन आणि वही दोन्ही नाहीत" याचा एक अर्थ, एकही नाही. दुसरा अर्थ, दोन्ही एकदम नाहीत, एखादं असेल. पहिला अर्थ संयोगाचा पूरक (संयोग सोडून उरलेलं सगळं), दुसरा छेदाचा पूरक. या दोन पूरकांना वेगळं ठेवणारे नियम ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावाने ओळखले जातात. हा इंग्रज गणिती जन्मला मात्र आपल्या मदुराईत, १८०६ साली. प्रश्नात 'दोन्ही नाहीत' दिसलं की पुढे-मागे वाचून ठरवा. प्रश्न मी काढत असेन तर 'दोन्हींपैकी एकही नाही' असं लिहितो, भांडणच नको.

जाता जाता 'छेद' शब्दाबद्दल. अपूर्णांकाच्या रेषेखाली असतो तोही छेद, आणि दोन संचांत सामाईक असतो तोही छेद. एका मुलीने 'छेद शोधा' या प्रश्नाला '३६' असं उत्तर लिहिलं होतं. मी लाल रेघ मारली आणि मग मलाच वाईट वाटलं. तिच्या अपूर्णांकाचा छेद खरंच ३६ होता. तेव्हापासून मी फळ्यावर 'छेदसंच' असा पूर्ण शब्द लिहितो.

तपासणी ३: नमुना अवकाश एकच आहे ना?

नमुना अवकाश म्हणजे येऊ शकणाऱ्या सगळ्या निकालांची (निष्पत्तींची) यादी. ३६ आणि २१ चं भांडण इथलं. दोन फासे टाकले की (२, ६) आणि (६, २) या दोन वेगळ्या निष्पत्ती आहेत. दोन्ही फासे हुबेहूब सारखे दिसत असले तरी. पटत नसेल तर एक फासा लाल आणि एक पांढरा घ्या: रंग बदलल्याने फाशांचं पडणं बदलत नाही. जोड्यांचा क्रम सोडून मोजलं तर २१ निष्पत्ती होतात खऱ्या, पण त्या समसंभाव्य (सारख्याच शक्यतेच्या) नसतात. (४, ४) एकाच रीतीने येते, २ आणि ६ ची जोडी दोन रीतींनी. 'अनुकूल भागिले एकूण' हे सूत्र समसंभाव्य निष्पत्तींशिवाय चालतच नाही.

दुसरी गोष्ट: अ ची संभाव्यता काढताना जो नमुना अवकाश धरला तोच ब ला धरला का? पहिली घटना ५२ पत्त्यांतून आणि दुसरी ५१ मधून काढून त्यांची बेरीज करणारे मी पाहिले आहेत.

पत्त्यांच्या गणितात आणखी एक: एक्का हा चित्रयुक्त पत्ता धरत नाहीत. राजा, राणी, गुलाम, प्रत्येकी चार, असे १२. किलवरचा एक्का कितीही सजवून छापलेला असला तरी. जोकर ५२ मध्ये नसतात.

तपासणी ४: यादी करा. हो, खरोखर लिहून

मुलं इथे कंटाळतात. कंटाळा, पण करा. हे गणित घ्या: दोन फासे टाकले, बेरीज ८ येणे किंवा निदान एका फाशावर ५ येणे.

अ, बेरीज ८: (२, ६), (३, ५), (४, ४), (५, ३), (६, २). पाच.

ब, निदान एक ५: पहिल्यावर ५ असलेल्या सहा, दुसऱ्यावर ५ असलेल्या सहा. बारा? नाही, अकरा. (५, ५) दोन्हीकडे आली आहे. गंमत बघा, ज्या चुकीसाठी आपण इथवर आलो तीच चूक ब च्या पोटात लपून बसली होती. 'निदान एक' हा स्वतःच एक संयोग आहे: ६ + ६ − १.

आता दोन्ही याद्यांत असलेल्या जोड्यांवर गोल करा: (३, ५) आणि (५, ३). छेद २. संयोग ५ + ११ − २ = १४, म्हणजे १४/३६ = ७/१८. ज्याचं उत्तर १६/३६ आलं त्याने छेद वजा केला नाही. ज्याचं १५/३६ आलं त्याने छेद वजा केला, पण ब मध्ये (५, ५) दोनदा मोजली. ही दोन आजारपणं वेगळी आहेत, औषधही वेगळं. नुसतं "सूत्र वापर" म्हणून दुसऱ्याचा काहीही फायदा होत नाही, कारण त्याने ते वापरलेलं असतं.

वजा का करायचं, हे ज्याला यादीत दिसलं त्याला सूत्र पाठ करावं लागत नाही. गोल केलेल्या जोड्या दोनदा लिहिल्या गेल्यात, एकदा खोडा. बास.

तपासणी ५: यादी करता येत नसेल तर चार खणांचा तक्ता

टक्के किंवा माणसांची संख्या दिलेली असली की यादी होत नाही. मग वेन आकृती (एकमेकांवर सरकलेली दोन वर्तुळं) काढतात आणि चुकतात. समजा सोसायटीत १०० घरं: ६२ घरी मराठी वर्तमानपत्र येतं, ३५ घरी इंग्रजी, १५ घरी दोन्ही. मुलं मधल्या पाकळीत १५ लिहितात, डाव्या चंद्रकोरीत ६२, उजवीत ३५. बेरीज ११२. शंभर घरांत एकशे बारा!

६२ मध्ये ते १५ आधीच आहेत. 'मराठी येतं' म्हणजे 'फक्त मराठी येतं' नव्हे.

चार खणांचा तक्ता ही चूक करूच देत नाही. आडव्या ओळी दोन: मराठी येतं, येत नाही. उभे स्तंभ दोन: इंग्रजी येतं, येत नाही. बेरजेच्या जागी ६२ आणि ३५ जातात, १५ पहिल्या खणात, आणि उरलेले खण वजाबाकीने आपोआप भरतात: फक्त मराठी ४७, फक्त इंग्रजी २०, एकही नाही १८. संयोग ८२, नेमकं एक ६७. वरचा 'दोन्ही नाहीत'चा घोळही इथे आकड्यात दिसतो: एकही नाही ते १८, आणि दोन्ही एकदम नाहीत ते ८५.

एखाद्या खणात ऋण संख्या आली तर तुमची चूक शोधण्याआधी प्रश्न परत वाचा. छपाईतही चुका होतात.

तपासणी ६: गुणाकार करायचा हक्क कोणी दिला?

छेद काढायचा म्हटलं की काही जण सरळ दोन संभाव्यता गुणतात. कधीकधी उत्तर बरोबरही येतं, म्हणून सवय पक्की होते. राजा ४/५२, बदाम १३/५२, गुणाकार १/५२, बदामचा राजा एकच. जुळलं.

आता आपल्या घरातल्यासारखा पत्त्यांचा जोड घ्या, ज्यातून एक पत्ता हमखास हरवलेला असतो. हरवलेला पत्ता म्हणजे नेमका बदामचा राजा. उरले ५१, राजे ३, बदाम १२. 'राजा आणि बदाम'ची खरी संभाव्यता शून्य, कारण तो पत्ताच नाही. गुणाकार मात्र ३/५१ × १२/५१ असं काहीतरी देतो. पूर्ण जोडात राजा आणि बदाम या घटना स्वतंत्र होत्या, एक पत्ता सोफ्याखाली गेला आणि त्या परस्पर अपवर्जक झाल्या.

म्हणून: परस्पर अपवर्जक म्हणजे छेद शून्य, तिथे नुसती बेरीज चालते. स्वतंत्र म्हणजे एकीच्या घडण्याने दुसरीची संभाव्यता बदलत नाही, तिथे गुणाकार चालतो. या दोन गोष्टी एकच आहेत असं मानणं हा या प्रकरणातला सर्वांत चिवट गैरसमज. दोन्ही घटनांची संभाव्यता शून्याहून जास्त असेल तर त्या एकाच वेळी अपवर्जक आणि स्वतंत्र असूच शकत नाहीत. एक घडली की दुसरी घडणार नाही हे पक्कं कळतं, याहून मोठं अवलंबन कोणतं?

प्रश्नात 'स्वतंत्र' असं लिहिलेलं नसेल, आणि प्रयोगाच्या रचनेवरूनही ते दिसत नसेल, तर गुणू नका. मोजा.

तपासणी ७: तीन घटना, किंवा एकच घटना पुन्हापुन्हा

१ ते १०० मधली एक संख्या निवडली. ती २, ३ किंवा ५ ने भाग जाणारी असण्याची संभाव्यता. ५० + ३३ + २० = १०३, म्हणजे पहिलं लक्षण समोर आलंच. जोड्यांचे छेद वजा करा: ६ ने भाग जाणाऱ्या १६, १० ने १०, १५ ने ६. उरले ७१. आणि इथे बरेच जण थांबतात. ३०, ६० आणि ९० बघा: या तीनदा मोजल्या गेल्या, तीनदा वजा झाल्या, म्हणजे आता यादीत नाहीतच. त्या ३ परत मिळवा. ७४/१००.

विभाज्यतेत छेद काढताना लसावि घ्यायचा, गुणाकार नाही. ४ आणि ६ दोन्हींनी भाग जाणारी संख्या १२ ने भाग जाते. २४ धरलंत तर १२, ३६, ६०, ८४ हातातून जातात.

घटना पुन्हापुन्हा घडत असेल तर संयोगाच्या वाटेला जाऊच नका, पूरक घ्या. एक फासा चार वेळा टाकला, निदान एकदा ६ येण्याची संभाव्यता किती? १/६ चारदा मिळवून २/३ म्हणण्याची चूक फार जुनी आहे. (सात वेळा टाकला तर असंच उत्तर ७/६ येईल.) एकदाही ६ न येण्याच्या ६२५ रीती, एकूण १२९६, म्हणून उत्तर ६७१/१२९६, सुमारे ०.५१८. दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा दोन्ही ६ पडण्याचा हिशेबही त्याच बेरजेने २/३ दिसतो, पण खरी संभाव्यता सुमारे ०.४९१, म्हणजे पैज लावणाऱ्याच्या तोट्याची. शेवालिए द मेरे या फ्रेंच गृहस्थाचं हे कोडं पास्कलने १६५४ मध्ये फर्माला लिहिलेल्या पत्रात आहे. तेव्हा हा बिघाड तुमच्या एकट्याच्या वहीतला नाही.

कुठे थांबायचं

अर्धा तास झाला, तपासणी ४ ची यादी पूर्ण लिहून झाली, आणि तरी उत्तर पुस्तकाशी जुळत नाही: थांबा, शिक्षकांना दाखवा. यादी बरोबर असेल तर पुस्तकाचं उत्तर चुकलेलं असण्याची शक्यता असते. पुस्तकाचं उत्तर आधी बघून त्याला जुळेल असं काहीतरी मागून रचत बसू नका. त्याने जे चुकीचं पक्कं होतं ते सोडवायला मला दोन महिने लागतात.

माहितीच अपुरी असेल तरी थांबा. शनिवारी पावसाची शक्यता ६० टक्के, रविवारी ६० टक्के. शनिवार-रविवार मिळून निदान एकदा पाऊस येण्याची? बेरीज १२० टक्के, ती तर चाललीच नाही. गुणाकारही चालत नाही, कारण जुलैत शनिवारचा पाऊस आणि रविवारचा पाऊस एकमेकांना अनोळखी नसतात. एवढ्या माहितीवरून इतकंच सांगता येतं की छेद २० ते ६० टक्क्यांच्या मध्ये आणि संयोग ६० ते १०० च्या मध्ये. याहून नेमका आकडा कोणी सांगत असेल तर त्याने तो कुठून आणला ते विचारा.

आणि जिथे पैसा किंवा जीव अडकलाय तिथे ही पोस्ट वापरू नका. दोन वैद्यकीय चाचण्यांचे अहवाल एकत्र कसे वाचायचे हे डॉक्टरांना विचारा. कारखान्यातलं यंत्र दोन कारणांनी बंद पडण्याचा धोका, विम्याचा हिशेब, यासाठी संख्याशास्त्रज्ञ लागतो. तिथे घटना स्वतंत्र आहेत का हाच सगळा प्रश्न असतो, आणि तो वहीत बसून सुटत नाही.

शिक्षकांकडे जाताना चुकलेलं पान जसंच्या तसं न्या. कोऱ्या कागदावर नीटनेटकं उतरवून नेऊ नका. खोडलेलं, बाणाने वर नेलेलं, कडेला केलेली बेरीज, सगळं असू दे. मला चूक सापडते ती बहुतेक त्या कडेच्या बेरजेतच.